मुदत साखळीची असते: वितरित यंत्रणेत रिअल-टाइम टास्क कसे बसवायचे

हायड्रॉलिक प्रेसमधला दाब मर्यादेपलीकडे गेला, की २५ मिलिसेकंदांच्या आत रिलीफ व्हॉल्व्हला उघडण्याचा हुकूम मिळाला पाहिजे, अशी अट आहे असं धरू. दाब मोजणारा बोर्ड सिलिंडरपाशी, निर्णय घेणारा कंट्रोलर पॅनेलमध्ये, व्हॉल्व्ह चालवणारा बोर्ड तिसऱ्याच टोकाला. तिघांना जोडणारी एक कॅन बस, म्हणजे बोर्डांनी एकमेकांना छोटे संदेश पाठवायची सामाईक तार. प्रत्येक बोर्डावरचा प्रत्येक टास्क (प्रोग्राममधलं एक ठरलेलं काम) आपापल्या पिरियडमध्ये, म्हणजे त्याची पुढची पाळी यायच्या आत, संपतो, कुठलाच प्रोसेसर ८५ टक्क्यांच्या वर जात नाही, आणि या कामाच्या फ्रेम (बसवरचे संदेश) बसचा जेमतेम एक तृतीयांश वेळ घेतात. सगळं छान दिसतं. पण २५ मि.से. पाळले जातील की नाही, हे यातल्या एकाही आकड्यावरून सांगता येत नाही.

कारण मुदत एकेका टास्कची नसते, ती साखळीची असते. आणि साखळीत मागच्या कडीचा उशीरच नव्हे, तर त्या उशिराचा कमी-जास्तपणाही पुढच्या कडीवर जाऊन आदळतो. त्याला जिटर म्हणतात, आणि वितरित यंत्रणेचे बहुतेक हिशेब तिथेच फसतात. खाली हेच उदाहरण शेवटपर्यंत सोडवलं आहे. कागद-पेन्सिल घेऊन सोबत करत गेलात तर जास्त उपयोग होईल.

एक गोष्ट आधीच: माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे ते आणीबाणीचं बटण या हिशेबात आणू नका. त्याची वायर वेगळी, रिले वेगळा. सॉफ्टवेअरचं वेळापत्रक कितीही चोख असलं तरी ते त्याला पर्याय नाही.

साखळी आधी कागदावर

सुरुवात सेन्सरच्या कोडपासून नाही, भौतिक घटनेपासून करा: दाब मर्यादा ओलांडतो तो क्षण. शेवटही भौतिक कृतीवर: व्हॉल्व्हच्या ड्रायव्हरची पिन बदलते तो क्षण. मधली प्रत्येक पायरी लिहा, आणि प्रत्येकीपुढे ती कशामुळे सुरू होते ते लिहा: घड्याळाच्या ठोक्याने, की आधीचा संदेश आल्यामुळे. हा रकाना बरेच जण रिकामा सोडतात आणि मग शेवटी पाच-दहा मि.से. कुठून उगवले ते कळत नाही.

आपली साखळी अशी:

दाब बोर्ड: दाब वाचून फिल्टर करणारा टास्क, दर १० मि.से.ने, काम १.५ मि.से. त्याच्यापेक्षा वरच्या प्राधान्याचा, एन्कोडर (हालचाल मोजणारा सेन्सर) वाचणारा टास्क, दर ४ मि.से.ने, काम ०.५ मि.से.

कंट्रोलर: मोटर लूप, दर ५ मि.से.ने, काम १.५. दाब-निर्णय, दाबाचा संदेश आला की (म्हणजे सरासरी दर १० मि.से.ने), काम २.५. नोंदी आणि निदान, दर ४० मि.से.ने, काम १२.

व्हॉल्व्ह बोर्ड: हुकूम आला की पिन बदलणं. सगळा अडथळा धरून १ मि.से.

बस: २५० किलोबिट वेगाची कॅन. प्राधान्याने पहिला हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' सांगणारा संदेश (५ मि.से.), दुसरा मोटरचा वेग (५ मि.से.), तिसरा दाब (१० मि.से.), चौथा व्हॉल्व्हचा हुकूम (१० मि.से.), आणि त्याखाली निदानाचे किरकोळ संदेश.

कामाचा वेळ म्हणजे सर्वाधिक वेळ

वरचे १.५, २.५ हे आकडे सरासरी नाहीत, सर्वाधिक आहेत. सरासरीवर केलेला हिशेब नुसता कच्चा नसतो, निरर्थक असतो. साध्या मायक्रोकंट्रोलरवर कॅश (प्रोसेसरजवळची लहान, जलद मेमरी) नसेल तर सर्वात लांब वाट शोधून सायकल काउंटरने मोजता येते. कॅश असलेल्या प्रोसेसरवर मोजताना कॅश मुद्दाम घाण करा, दुसऱ्या कोअरवर मेमरीला झोडपणारा प्रोग्राम लावा, प्रोसेसरचा वेग आपोआप बदलणारी सोय बंद करा आणि त्याला खोल झोपेत जाऊ देऊ नका. टेबलावर मोकळ्या बोर्डावर मिळालेला आकडा कारखान्यात टिकत नाही.

मोजून मिळालेला सर्वात मोठा आकडाही खरोखरचा सर्वात मोठा असेल याची हमी नसते. म्हणून त्यावर थोडी मोकळीक ठेवतात. किती, हे कोड किती फांद्यांचा आहे आणि चूक किती महागात पडेल यावर ठरवा. पण जे ठरवाल ते लिहून ठेवा. तीन जणांनी तीन ठिकाणी गुपचूप आपापली मोकळीक घातली, की हिशेब फुगतो आणि कुणालाच पत्ता लागत नाही.

प्रत्येक बोर्डाचा हिशेब

एका प्रोसेसरचं गणित लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये मांडलं. ज्याचा पिरियड लहान त्याला प्राधान्य जास्त, हा रेट मोनोटॉनिक नियम लावला तर दोन टास्कना ८२.८, तीन टास्कना ७८ टक्के आणि कितीही टास्कना ६९.३ टक्के भारापर्यंत (भार म्हणजे प्रत्येकाचं काम भागिले पिरियड, यांची बेरीज) मुदती नक्की पाळल्या जातात. आपल्या कंट्रोलरवर भार ३० अधिक २५ अधिक ३०, म्हणजे ८५ टक्के. ७८ च्या वर. मग नापास? नाही. ही मर्यादा पुरेशी आहे, आवश्यक नाही. आणि ५, १०, ४० असे एकमेकांच्या पटीतले पिरियड असतील, तर रेट मोनोटॉनिक १०० टक्क्यांपर्यंत चालतं. पिरियड निवडायचं स्वातंत्र्य असेल तेव्हा ७, १०, ३३ असे आकडे टाळा, याचं हे एक कारण.

पण आपल्याला पास-नापास नको, प्रत्यक्ष किती वेळ लागेल तो आकडा हवा, कारण साखळीत तोच मिळवायचा आहे. त्यासाठी रिस्पॉन्स टाइमचं गणित वापरतात. मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी ते १९८६ मध्ये प्रसिद्ध केलं. दोघंही मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेशी निगडित, आणि जोसेफ पुढे पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्राचे प्रमुख होते. जगभरच्या गाड्यांमध्ये आज जे गणित चालतं त्याचा एक धागा इथला आहे, हे आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही.

पद्धत साधी. टास्कचा स्वतःचा वेळ घ्या. त्या अवधीत वरच्या प्राधान्याचे टास्क किती वेळा येऊ शकतात ते मोजा: अवधी भागिले त्यांचा पिरियड, अपूर्णांक आला तर पुढचा पूर्णांक. तितक्या वेळा त्यांचं काम मिळवा. अवधी वाढला, म्हणून पुन्हा मोजा. आकडा थांबला की उत्तर. मुदतीपलीकडे गेला की नापास.

दाब-निर्णय टास्क: २.५ मध्ये मोटर लूप एकदा, म्हणून ४.०. चार मि.से.मध्येही मोटर लूप एकदाच. उत्तर ४.० मि.से.

नोंदींचा टास्क: १२ पासून सुरू. १२ मि.से.मध्ये मोटर लूप तीनदा (४.५), दाब-निर्णय दोनदा (५), म्हणून २१.५. मग पाचदा आणि तीनदा: २७. मग सहादा आणि तीनदा: २८.५. पुन्हा केलं तरी २८.५. मुदत ४०, पास.

दाब बोर्डावर वाचनाचा टास्क १.५ अधिक ०.५, म्हणजे २.० मि.से.

कुलपाची किंमत

आता समजा, दाब-निर्णय आणि नोंदी दोघंही एकच बफर वापरतात आणि त्यावर म्युटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत जाऊ देणारं कुलूप, आहे. नोंदींचा टास्क तो जास्तीत जास्त १.२ मि.से. धरून ठेवतो. अंदाजाने वाटतं की दाब-निर्णयाला १.२ मि.से. उशीर होईल. करून बघा: २.५ अधिक १.२ म्हणजे ३.७, त्यात मोटर लूप एकदा, ५.२. पाच ओलांडले! म्हणजे मोटर लूप दुसऱ्यांदा घुसणार: ६.७. पुन्हा मोजलं तरी ६.७. कुलूप १.२ चं, उशीर वाढला २.७ ने. हे आकडे असे पायरीपायरीने उडतात, सरळ रेषेत वाढत नाहीत. म्हणूनच 'अजून एक मि.से.ने काय बिघडतंय' हे वाक्य या क्षेत्रात धोक्याचं.

शिवाय हा १.२ चा आकडा तरी खरा केव्हा? प्राधान्याचा वारसा चालू असेल, म्हणजे कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरतं ताटकळणाऱ्याचं वरचं प्राधान्य मिळत असेल, तेव्हाच. तो नसेल तर कुलूप धरून बसलेल्या नोंदींच्या टास्कला मधल्या प्राधान्याचा कुठलाही टास्क बाजूला सारू शकतो आणि वरचा टास्क ताटकळतो. नासाचं मार्स पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरल्यावर नेमकं हेच झालं: हवामानाच्या कमी प्राधान्याच्या टास्ककडे म्युटेक्स, मध्ये दळणवळणाचा टास्क, आणि वर बस सांभाळणारा टास्क मुदत चुकवतो, मग यंत्रणा स्वतःला रीसेट करते. त्यावरच्या व्हीएक्सवर्क्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वारशाची सोय होती, ती बंद ठेवलेली होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि रीसेट थांबले.

लिनक्सवर पीथ्रेड या नेहमीच्या लायब्ररीतल्या म्युटेक्सची मूळ सेटिंग वारशाशिवायचीच असते, ती स्पष्टपणे मागावी लागते. सी++ च्या स्टँडर्ड म्युटेक्सला तर ती मागण्याची जागाच नाही. त्याहून बरं म्हणजे कुलूपच काढा: दोन बफर ठेवा, लिहिणारा एकात लिहितो, वाचणारा दुसऱ्यातून वाचतो, अदलाबदल एका अणु-क्रियेने, म्हणजे मध्येच तुटू न शकणाऱ्या क्रियेने.

बसचा हिशेब

कॅनवर ज्याचा आयडी (संदेशाचा ओळख-क्रमांक) लहान त्याचं प्राधान्य मोठं. पण एकदा सुरू झालेली फ्रेम मध्ये तोडता येत नाही. म्हणजे प्राधान्य कितीही वरचं असो, एका खालच्या फ्रेमइतकं थांबणं नशिबी आहेच.

११ बिटांचा आयडी आणि ८ बाइट डेटा असलेली फ्रेम, भरीचे बिट (बोर्डांचा ताल जुळत राहावा म्हणून मध्ये घातलेले जादा बिट) सर्वाधिक धरून, १३५ बिटांची होते. २५० किलोबिटवर एक बिट ४ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे फ्रेम ०.५४ मि.से.ची. भरीचे बिट अजिबात नसतील तर १११ बिट, ०.४४ मि.से. २९ बिटांचा आयडी घेतला तर १३५ चे १६० बिट होतात. लांब आयडी फुकट नसतो.

दाबाचा संदेश: खालच्या एका फ्रेमसाठी थांबणं ०.५४, हार्टबीट ०.५४, मोटर वेग ०.५४. एकूण थांबणं १.६२. एवढ्या अवधीत ५ मि.से.चे संदेश दुसऱ्यांदा येत नाहीत. स्वतःची फ्रेम ०.५४. एकूण २.१६ मि.से.

व्हॉल्व्हचा हुकूम: वरचे तीन आणि खालची एक, २.१६, अधिक स्वतःची ०.५४, म्हणजे २.७० मि.से.

कॅनचं हे गणित १९९४ च्या सुमारास केन टिंडेल आणि सहकाऱ्यांनी बसवलं आणि ते वर्षानुवर्षं वापरात होतं. २००७ मध्ये डेव्हिस, बर्न्स, ब्रिल आणि लुकिएन यांनी दाखवलं की काही प्रसंगी ते उत्तर खऱ्यापेक्षा कमी देतं. फ्रेम तोडता येत नसल्यामुळे पहिल्यापेक्षा दुसऱ्या फेरीतली फ्रेम जास्त अडकू शकते. त्यावरचा सोपा उपाय: खालच्या फ्रेमसाठी थांबणं धरताना ते स्वतःच्या फ्रेमपेक्षा कमी धरू नका, सर्वात खालच्या संदेशालासुद्धा. संदेश आपल्या पिरियडच्या आत पोचत असेल तर एवढं पुरतं. आपण सगळ्या फ्रेम सारख्याच लांबीच्या धरल्यामुळे हे आपोआप पाळलं गेलं आहे.

प्रत्यक्षात मात्र घोडं गणितात नाही, ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कॅनची चिप हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, अडतं. हे सगळं सूत्र असं मानतं की प्रत्येक बोर्ड आपला सर्वात महत्त्वाचा संदेश आधी बसकडे देतो. बऱ्याच ड्रायव्हरमध्ये पाठवायची रांग 'आधी आला तो आधी' अशी असते. निदानाच्या पाच फ्रेम आधी रांगेत असतील तर व्हॉल्व्हचा हुकूम त्यांच्यामागे उभा. आणि त्या पाच फ्रेम कमी प्राधान्याच्या असल्यामुळे बसवर त्यांना कुणी जागा देत नाही. तातडीच्या संदेशाला कॅन कंट्रोलर चिपमधला स्वतंत्र मेलबॉक्स (संदेशाचा खण) द्या आणि चिप आयडीनुसार निवड करते का, ते डेटाशीटमध्ये बघा.

जिटर पुढे न्या

इथे वितरित यंत्रणा वेगळी पडते. दाबाचा संदेश कंट्रोलरवर उशिरात उशिरा २.० अधिक २.१६, म्हणजे ४.१६ मि.से.नी येतो. लवकरात लवकर? वाचनाचं काम कमीत कमी १.० मि.से.त झालं आणि बस मोकळी होती, तर १.०० अधिक ०.४४, म्हणजे १.४४. फरक २.७२ मि.से. हा दाब-निर्णयाचा जिटर.

त्यामुळे लागोपाठचे दोन संदेश १० मि.से.ऐवजी ७.२८ मि.से.च्या अंतरानेही येऊ शकतात. खालच्या नोंदींच्या टास्कला त्याची झळ बसते. आता 'किती वेळा येईल' मोजताना अवधीत जिटर मिळवून मग भागायचं. २८.५ अधिक २.७२ म्हणजे ३१.२२, दहाने भागून चार वेळा. मघाशी तीन होते. अवधी ३१ होतो, त्यात मोटर लूप सातदा, ३२.५. इथे थांबतो. नोंदींच्या टास्कमध्ये एक ओळही न बदलता तो ४ मि.से.नी मंदावला, दुसऱ्याच बोर्डावरच्या कारणाने. 'आमच्या बाजूला काही बदललं नाही' असं तिन्ही गट खरं बोलत असतानाही यंत्रणा बिघडते ती अशी.

हुकुमाचा संदेश उशिरात उशिरा ८.१६ ला आणि, निर्णय कमीत कमी १.५ मि.से.त झाला तर, लवकरात लवकर २.९४ ला रांगेत लागतो. जिटर ५.२२. खालच्या निदान संदेशांच्या हिशेबात तो घाला. ज्या यंत्रणेत साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात तिथे एका बोर्डाचा उशीर बसचा उशीर बदलतो आणि बस पुन्हा पहिल्या बोर्डाचा. अशा वेळी सगळे जिटर शून्य धरून सुरुवात करायची आणि सगळे आकडे थांबेपर्यंत फेऱ्या मारायच्या. टिंडेल आणि क्लार्क यांनी १९९४ मध्ये मांडलेली ही पद्धत. आकडे फक्त वाढतात, त्यामुळे एकतर थांबतात किंवा मुदत ओलांडतात. पंचवीस ओळींच्या स्क्रिप्टमध्ये हे मावतं. स्प्रेडशीटमध्ये मात्र करू नका, गोल संदर्भांनी डोकं फिरतं.

बेरीज

दाब वाढला तो नेमका वाचन झाल्याच्या पुढच्या क्षणी, असं धरावं लागतं. म्हणजे पुढच्या वाचनापर्यंत १० मि.से. वाया. मग वाचन २.००, बस २.१६, निर्णय ४.००, बस २.७०, व्हॉल्व्ह १.००. एकूण २१.८६. मुदत २५. हुश्श.

पण व्हॉल्व्ह बोर्डाच्या प्रोग्रामरने संदेश येताच काम करण्याऐवजी दर ५ मि.से.नी मेलबॉक्स तपासला तर? २६.८६. संपलं. आणि सुरुवातीचे ते १० मि.से. बघा: साखळीतला सर्वात मोठा तुकडा ना बसचा ना प्रोसेसरचा, नुसत्या वाचनाच्या पिरियडचा. मुदत बसत नसेल तर कोड घासत बसण्याआधी हा पिरियड ५ करून बघा. दाब बोर्डावर जागा असेल तर एका फटक्यात पाच मि.से. मिळतात. अर्थात तेवढ्याने बस आणि कंट्रोलरवरचा भार वाढेल, तेव्हा सगळा हिशेब पुन्हा. आपल्या कंट्रोलरवर तर दाब-निर्णय २५ चा ५० टक्के होईल आणि बेरीज ११० वर जाईल. म्हणजे आधी नोंदींचं काम दुसऱ्या कोअरवर हलवावं लागेल.

आता दोन दुखणी मिळवा. म्युटेक्स ठेवला तर २१.८६ चे २४.५६, अजून पास. बसवर विद्युत गोंगाटामुळे फ्रेम बिघडली तर चुकीची सूचना ३१ बिटांपर्यंत आणि फ्रेम पुन्हा, मिळून ०.६६ मि.से. दोन्ही संदेशांना एकेकदा हे झालं तर १.३३. नुसतं हे धरलं तर २३.१९, पास. दोन्ही एकदम आले की २५.८९. सुट्या चाचण्यांमध्ये दोन्ही गोष्टी पास होतात आणि वेल्डिंग मशीन शेजारी चालू असताना एखाद्या दिवशी प्रेस चुकते. बस ५०० किलोबिटवर नेली तर फ्रेमचे वेळ निम्मे होतात, पण मग केबल साधारण १०० मीटरच्या आत हवी. २५० ला ती अडीचशे मीटरपर्यंत चालते.

घड्याळं जुळवायची का?

संदेशामागून संदेश अशी घटनांवर चालणारी साखळी जलद असते, पण जिटर वाढवत जाते. दुसरा मार्ग: सगळ्या बोर्डांचं घड्याळ एक करा आणि दाब-निर्णय ठरलेल्या क्षणीच सुरू करा. जिटर गळून पडतो, नोंदींचा टास्क पुन्हा २८.५ वर येतो.

त्या क्षणाची निवड नीट करा. संदेश ४.१६ पर्यंत येतो म्हणून ४.५ ठेवलं, तर बसवर एक चूक झाली की संदेश ४.८२ ला येणार आणि निर्णय मागच्या फेरीच्या आकड्यावर होणार. अर्धा मि.से. वाचवायला जाऊन १० मि.से. गमावले. ५.० ठेवा. साखळी २१.८६ ची २२.७० होईल, पण दाबाच्या संदेशावरची एक चूक त्यात आधीच जिरलेली असेल.

कॅनवर घड्याळ जुळवायला कॅनओपन या कॅनवरच्या प्रमाणित पद्धतीत असतो तसा, सगळ्यांना 'आता' असं सांगणारा सिंक संदेश पुरतो. तो स्वतः बसवर थोडा मागेपुढे झाला तरी सगळ्या बोर्डांना जवळपास एकाच क्षणी मिळतो, आणि आपल्याला तेच हवं. सिंक न पाठवता नुसत्या क्रिस्टलवर, म्हणजे प्रत्येक बोर्डाच्या स्वतःच्या ठोक्यावर, भिस्त ठेवू नका. दोन क्रिस्टल उलट दिशांनी दशलक्षात ५० भागांनी चुकली, तर दर सेकंदाला १०० मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं. दहा सेकंदांत पूर्ण मि.से. इथरनेट असेल तर पीटीपी (नेटवर्कवरून घड्याळं अचूक जुळवायची पद्धत) वापरा, आणि नेटवर्क कार्ड हार्डवेअरमध्ये वेळेचा शिक्का मारतं ना, हे आधी तपासा. एनटीपी (इंटरनेटवरची नेहमीची, ढोबळ पद्धत) लॉगमधल्या वेळांसाठी ठीक, या कामासाठी नाही.

कंट्रोलरवर लिनक्स असेल तर

२०२४ च्या ६.१२ आवृत्तीपासून रिअल-टाइम प्रीएम्प्शन (तातडीच्या टास्कसाठी चालू काम मध्येच थांबवायची सोय) मुख्य कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच, आहे, वेगळा पॅच लावायची गरज उरली नाही. पण तो पर्याय निवडून कर्नल बांधावा लागतोच. प्रोग्रामच्या सुरुवातीला सगळी मेमरी लॉक करा आणि लागणारे बफर एकदा स्पर्श करून घ्या, नाहीतर पहिलाच पेज फॉल्ट (मेमरीचं पान हजर नसल्याने होणारा थांबा) मुदत खाईल. रिअल-टाइम लूपमध्ये मेमरी मागणं, फाइलमध्ये लिहिणं, स्क्रीनवर छापणं, सगळं बंद.

प्राधान्याऐवजी थेट मुदत द्यायची असेल तर स्केड-डेडलाइन हे धोरण ३.१४ आवृत्तीपासून आहे. प्रत्येक टास्कला तीन आकडे द्यायचे: रनटाइम, डेडलाइन, पिरियड, या चढत्या क्रमाने. दिलेला रनटाइम संपला की कर्नल त्या टास्कला पुढच्या पिरियडपर्यंत थांबवतो. बेफाम टास्क दुसऱ्यांना बुडवत नाही हा फायदा. पण रनटाइम अगदी काठावर दिला असेल, तर काम दोन टक्के लांबल्यावर शिक्षा पूर्ण पिरियडची होते. म्हणून मोकळीक हवी. मूळ सेटिंगमध्ये कर्नल रिअल-टाइम कामांना ९५ टक्केच वेळ देतो. एकाच कोअरवर आपल्या तिन्ही टास्कना १० टक्के मोकळीक दिली (१.६५, २.७५, १३.२) तर भार ९३.५, बसतो. १५ टक्के दिली तर ९७.७५, आणि तिसऱ्या टास्कला कर्नल 'व्यस्त' म्हणून नकार देतो. हा नकार तपासायला विसरलात तर टास्क साध्या प्राधान्यावरच चालत राहतो, आणि चाचणीच्या टेबलावर कुणाच्या लक्षातही येत नाही.

अनेक कोअर असतील तर जागतिक वेळापत्रकाच्या, म्हणजे कुठलाही टास्क कुठल्याही कोअरवर चालवण्याच्या, भरवशावर राहू नका. दोन कोअर, दर १० मि.से.ने १ मि.से. घेणारे दोन हलके टास्क, आणि ११ मि.से.त १०.५ घेणारा एक जड टास्क घ्या. तिघं एकदम आले, हलक्यांची मुदत आधी म्हणून दोन्ही कोअर त्यांनी घेतले, जड टास्क १ मि.से.ने सुरू होऊन ११.५ ला संपला. मुदत गेली, दोन कोअरचा एकूण भार जेमतेम ५८ टक्के असताना. ढाल आणि लिऊ यांनी १९७८ मध्ये दाखवलेली ही गोम. दोन्ही हलके एका कोअरवर बांधले आणि जड दुसऱ्यावर, की प्रश्न मिटला. स्केड-डेडलाइनमध्ये मात्र टास्क कोअरला नेहमीच्या पद्धतीने बांधता येत नाही, कर्नल परवानगी नाकारतो. त्यासाठी सीपीयूसेट या कर्नलच्या सोयीने कोअरचा वेगळा विभाग करावा लागतो.

मुदत चुकलीच तर

हे आधी ठरवून कोडमध्ये लिहा. दाबाच्या प्रत्येक संदेशात एक बाइटचा चढता क्रमांक ठेवा. घड्याळं जुळलेली असतील तर वाचनाची वेळही. कंट्रोलरला क्रमांक पुढे सरकलेला दिसला नाही, तर एका फेरीपुरता जुना आकडा चालवा, सलग दुसऱ्यांदा दिसला नाही तर व्हॉल्व्ह उघडा. किती फेऱ्या सोसायच्या हे प्रेसचा दाब किती वेगाने चढतो त्यावरून ठरतं, प्रोग्रामरच्या मर्जीवरून नाही. उशिरा आलेल्या संदेशांची रांग लावून एकेक निपटत बसणं ही सर्वात वाईट रीत. प्रत्येक संदेश शिळा होत जातो आणि यंत्रणा कायमची मागे पडते. दाबासाठी एकच खण ठेवा, नवा आला की जुना पुसला जाऊ द्या.

मोजून खात्री

दाब बोर्डावर वाचनाच्या क्षणी एक पिन वर, व्हॉल्व्ह बोर्डावर हुकूम लागू होताना दुसरी पिन वर. दोन्ही एकाच लॉजिक अॅनालायझरला जोडा. घड्याळं जुळवायचा प्रश्नच येत नाही, आणि ऑसिलोस्कोपच्या पडद्याकडे बघत बसण्यापेक्षा हजारो फेऱ्यांचा हिस्टोग्राम मिळतो. वाचनाच्या पिरियडचे १० मि.से. यात येत नाहीत, म्हणून तुलना ११.८६ शी करायची, २१.८६ शी नाही. लिनक्सच्या बाजूने सायक्लिकटेस्ट (टास्क जागा व्हायला किती उशीर होतो ते मोजणारा प्रोग्राम) सोबत चालवा, पूर्ण भार देऊन, निदान रात्रभर. नेटवर्कवरून मोठी फाइल उतरवत ठेवा, डिस्कवर लिहीत ठेवा.

मोजलेला सर्वाधिक आकडा हिशेबापेक्षा कमी यायला हवा. सहसा बराच कमी येतो, कारण सगळे अडथळे एकदम येण्याचा योग दुर्मीळ. तो हिशेबापेक्षा एकदा जरी जास्त आला तर ती 'क्वचित घडणारी चूक' नाही, तुमच्या मांडणीत एक कडी राहिली आहे. अशा वेळी आधी तीन ठिकाणी बघा: ड्रायव्हरची पाठवण्याची रांग, वारसा बंद असलेला म्युटेक्स, आणि सर्वाधिक म्हणून धरलेला पण प्रत्यक्षात सरासरी असलेला कामाचा वेळ. प्रत्येक टास्कचा आजवरचा सर्वाधिक वेळ बोर्डाच्या मेमरीत जपून ठेवा आणि तो निदानाच्या संदेशातून बाहेर काढा, सर्वात खालच्या प्राधान्याने. सहा महिन्यांनी नवं फर्मवेअर चढवल्यावर तोच आकडा आधी हलतो.